जयपाल सिंह मुंडा ‘आदिवासी नेते’ की ‘जनजातीय नेते’?

प्रश्न असा आला आहे: जयपाल सिंह मुंडांवर मराठीत टिपण लिहायचं आहे, त्यांना ‘आदिवासी नेते’ म्हणावं की ‘जनजातीय नेते’? अर्थ एकच ना?

निःशंकपणे ‘आदिवासी’ लिहा. ह्या माणसाच्या बाबतीत तर दुसरा शब्द वापरूच नये, कारण ह्याच शब्दासाठी ते संविधान सभेत भांडले होते.

1928च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधले आपल्या हॉकी संघाचे कर्णधार, ऑक्सफर्डला शिकलेले, 1939पासून आदिवासी महासभेचे अध्यक्ष. 1948च्या डिसेंबरात त्यांनी सभागृहात विचारलं, की हिंदी मसुद्यांत आमच्यासाठी ‘बनजाति’ कशाला? आमच्यातले बहुतेक लोक जंगलात राहत नाहीत, आणि परवापरवापर्यंत ह्या शब्दाचा अर्थ असंस्कृत, रानटी असाच होता. ‘आदिबासी’ शब्दाला डौल आहे, तोच घ्या. (‘ब’ हा त्यांच्या मुलखातला उच्चार.)

गंमत बघा, दोनच वर्षांपूर्वी, 19 डिसेंबर 1946 रोजी, त्याच सभेत त्यांनी ‘मी जंगली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे’ असं ठणकावलं होतं. मग ‘बन’ शब्दाचं वावडं का? मला तरी ह्यात विसंगती दिसत नाही. लोकांनी हिणवायला वापरलेलं नाव स्वतः उचलून छातीवर लावणं वेगळं, आणि तेच दुसऱ्यांनी कायद्यात लिहून आपल्या माथी मारणं वेगळं.

बाबासाहेबांनी त्यावर दिलेलं उत्तरही शब्दाच्या अभ्यासकाने वाचावं असं आहे. ‘आदिवासी’ हा मोघम शब्द आहे, त्यात कुणीही कुणालाही बसवू शकेल. ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’ला यादी आहे, म्हणून कायद्यात नेमका अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं. म्हणूनच दाखला, आरक्षण, राखीव मतदारसंघ असा विषय असेल तेव्हा ‘अनुसूचित जमाती’ लिहावं, आणि माणसांबद्दल लिहिताना ‘आदिवासी’.

‘जमात’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ समुदाय. पण बोलण्यात ‘पुढाऱ्यांची जमात’ म्हटलं की किंचित तुच्छता येतेच. ‘जनजातीय’ला तो वास नाही, पण तो आपल्याकडे हिंदीच्या वाटेने रुळू लागलेला, कागदी शब्द. वारली पाड्यावर ‘आम्ही आदिवासी’ हे सहज ऐकू येतं. ‘आम्ही जनजातीय’ म्हणणारं मला कुणी भेटलेलं नाही.

एक सूचना मात्र करतो. पहिल्याच वाक्यात ‘मुंडा समाजातले’ असं लिहा. मुंडा, उरांव, हो, संथाळ ह्या झारखंडाकडच्या समाजांच्या भाषा निरनिराळ्या, जशा आपल्याकडे वारली आणि माडिया. ‘आदिवासी’ त्यानंतर येऊ द्या.