आयएनएस निस्तार अवघ्या १८ वर्षांत निवृत्त का झाली? पाणबुडी बचाव जहाज किती वर्षं चालतं?

साधारण पंचवीस-तीस वर्षं धरा. जुनी निस्तार सोव्हिएत बनावटीची, सुरुंग काढणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावर बांधलेली. १९७१ साली नौदलात आली, त्याच डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीवर तिचे डायव्हर उतरले. १९८९ साली ती गेली.

पण वर्षं मोजून या जहाजाचा हिशोब लागत नाही. मी नौदलात डायव्हर होतो, आयएनएस निरीक्षक या जहाजावर काम केलंय, आता नाशिकरोडला असतो. आमचे साडूभाऊ तोफखान्यातले, निवृत्तीनंतर देवळालीतच राहिले. भाचीच्या साखरपुड्यात पंगतीत त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "इतकी वर्षं पाण्यात काढलीत, पाणबुडीतली माणसं किती वाचवलीत?" एकही नाही, हे त्यांना ठाऊक होतं. हशा पिकला. माझा घास घशातच अडकला.

डायव्हर खाली गेला की त्याची दोरी टेंडरच्या, म्हणजे वर जहाजावर ती सांभाळणाऱ्याच्या, हातात असते. सैल सोडायची नाही, ताणायची नाही. वरून एक झटका, म्हणजे ठीक आहेस ना? खालून एक झटका आला की ठीक आहे. तो येईपर्यंत आपण दुसरं काही ऐकत नाही. सॅच्युरेशन डायव्हिंगमध्ये, म्हणजे दिवसेंदिवस खोल पाण्याच्या दाबातच राहून काम करताना, तर माणसं जहाजावरच्या दाबबंद चेंबरमध्येच राहतात. जेवण दोन दारांच्या छोट्या झडपेतून आत जातं, श्वासाच्या हवेतल्या हेलियममुळे त्यांचं बोलणं चिरकं होतं, आणि शंभर मीटरच्या दाबातून बाहेर पडायला चार-पाच दिवस लागतात. हा सराव सुटला की जहाजाचा पत्रा शाबूत असला तरी ते जहाज संपलं. देवळालीच्या रेंजवर जन्मभर सराव केलेल्या माणसाला हे कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेचं फाल्कन घ्या. तेही मूळचं सुरुंग काढणारंच, १९१८ सालचं. मे १९३९ मध्ये स्क्वॉलस पाणबुडी सुमारे ७४ मीटर खोल तळाला बसली, तेव्हा फाल्कनवरून बचाव चेंबर चार वेळा खाली-वर करून ३३ जण जिवंत काढले. तेव्हा जहाजाचं वय होतं वीस. 'किती वाचवलीत' म्हणत अठराव्या वर्षीच ते भंगारात काढलं असतं तर?

निस्तार गेली हे माझं दुखणं नाही. तिची जागा रिकामी ठेवली, हे आहे. १९८६ पासून सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या येत होत्या आणि खास बचावासाठी बांधलेलं जहाज मात्र थेट जुलै २०२५ मध्ये आलं. नवी निस्तार, हिंदुस्तान शिपयार्डची. मधली ३६ वर्षं निरीक्षकनं भार वाहिला, पण ती मुळात डायव्हिंग सपोर्ट जहाज.

हे खरं की २०१८ पासून आपल्याकडे डीएसआरव्ही, म्हणजे खोल बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढणारी छोटी बचाव पाणबुडी, आहे आणि ती दुसऱ्या जहाजावरूनही नेता येते. २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांग्गाला पाणबुडी बुडाली तेव्हा आपली डीएसआरव्ही शिपिंग कॉर्पोरेशनच्या साबरमती जहाजावरून रवाना केली होती. पण ती पोचण्याआधीच नांग्गालाचे तुकडे सापडले, ५३ जण गेले होते. अंतरच तेवढं होतं. म्हणून दोन्ही किनाऱ्यांवर स्वतःचं जहाज हवं, आणि नव्या निस्तारचं वय झालं की तिची जागा घेणारं जहाज आधी दाखल करा, मगच तिला निवृत्त करा.