बीआयएम वापरल्याने बांधकाम खरंच पर्यावरणपूरक होतं का?

हो, पण बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग), म्हणजे बांधकामाचं संगणकावरचं थ्रीडी मॉडेल, डिझाइनच्या सुरुवातीलाच केलं तर. बीआयएममध्ये प्रत्येक भिंत, बीम, पाइपला माप आणि साहित्याची माहिती जोडलेली असते. पश्चिमेची खिडकी मोठी केली तर एसीचा भार किती वाढेल, हे नकाशा पक्का होण्याआधीच तपासता येतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती क्लॅश तपासणी. एसीचा डक्ट बीमला आडवा जातोय हे स्क्रीनवरच दिसलं, तर ओतलेलं काँक्रीट नंतर फोडावं लागत नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजतानाच भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक घमेलं मोजायला हवं.

नागपूर मेट्रोने फाइव्हडी बीआयएम वापरलं, म्हणजे थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला. मात्र साइटवरचे बदल मॉडेलमध्ये भरत राहा, नाहीतर पुढे देखभालीला ते निरुपयोगी ठरतं.