कॉलेज बास्केटबॉलचे कोच खेळाडूंनी भावना दाखवल्या की एवढे का भडकतात? फॅनने करायचं काय?

चालतं म्हणून भडकतात. शिस्त, कल्चर, टफनेस वगैरे नावं नंतर दिली जातात. स्वतः साइडलाइनवर लालबुंद होऊन रेफरीच्या अंगावर जाणारा माणूस एकोणीस वर्षांच्या पोराला 'इमोशन कंट्रोल कर' सांगतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

आमचं घर अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचं, नवरा तिथेच शिकलेला. मार्च २०१९, एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिलीच मॅच, ब्रॅडली युनिव्हर्सिटीविरुद्ध, मोठे दीर तेव्हा भारतातून आलेले, सगळे टीव्हीसमोर. टाइमआउटमध्ये आमचे कोच टॉम इझो आमच्याच एरन हेन्रीवर असे धावून गेले की टीममधल्या पोरांनाच मधे पडून त्यांना आवरावं लागलं. हेन्री पहिल्या वर्षाचा, फ्रेशमन. तर दीर म्हणतात, असंच पाहिजे, आम्ही सरांचा मार खाल्ला म्हणून घडलो. मी म्हटलं भाऊजी, तोच पोरगा उठून कोचवर असा धावला असता तर? म्हणाले, मग त्याला घरी पाठवायचा. म्हणजे एकाचा राग म्हणजे तळमळ आणि दुसऱ्याचा राग म्हणजे माज?

मला लागलं कारण माझी लेक तिथेच बसली होती. त्याच सीझनला तिच्या शाळेच्या कोचने फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) हुकल्यावर डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिला उरलेली मॅच बेंचवर बसवलं, वर सगळ्यांसमोर 'रडणारी पोरं मला नकोत' म्हणाला. स्वतः मात्र क्लिपबोर्ड आपटायचा, त्याला कोणी काही बोलायचं नाही. पुढच्या वर्षी ती ट्रायआउटलाच गेली नाही, आणि त्यावर भाऊजींचं मत काय, तर 'पोरगी कच्ची आहे'. ती कच्ची नव्हती, हुकलं त्याचं तिला वाईट वाटलं होतं, आणि ज्याला हुकल्याचं वाईटच वाटत नाही असा खेळाडू घेऊन कोच करणार काय?

आणि हे फक्त आपल्या पोरांपुरतंही नसतं. २०१६ ला ओरेगनने ड्यूकला ८२-६८ हरवलं, ओरेगनच्या डिलन ब्रूक्सने शेवटी लांबून एक थ्री (तीन पॉइंटचा बास्केट) मारला आणि आनंद केला, तर ड्यूकचे तेव्हाचे कोच 'कोच के' (माइक शशेव्स्की) मॅच संपल्यावर हात मिळवताना दुसऱ्या टीमच्या त्या पोराला शिकवायला गेले. आधी 'मी तसं बोललोच नाही' म्हणाले, मग ऑडिओ बाहेर आला आणि माफी मागावी लागली.

आता कोचची बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. खेळाडूला टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल लागला तर तो त्याच्या पाच फाउलमध्ये (पाच झाले की मॅचबाहेर) धरला जातो, समोरच्यांना फुकट फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे टॉन्टिंग (समोरच्याला डिवचणं) वगैरेवर कोचने ओरडणं मला पटतं. हेन्रीने स्वतः इझोंची बाजू घेतली होती हेही खरं. पण रडणं, छाती ठोकणं, बेंचवर टॉवेल फेकणं याने कोणाचं काय जातं?

फॅन म्हणून काय करायचं विचारलंत, तर टीमवर प्रेम करा, कोचच्या प्रत्येक वागण्याची वकिली करू नका. शिवाय २०२१ पासून पोरांना एक सीझन बाहेर न बसता दुसऱ्या कॉलेजात एकदा ट्रान्सफर घेता येते, २०२४ पासून तर मार्क नीट असले की कितीही वेळा, त्यामुळे न पटणारा पोरगा सरळ निघून जातो. कोचना हे कळायला लागलंय, काही दिरांना नाही.

कारण त्याच स्पर्धेत पुढे एलएसयू (लुइझियाना स्टेट) टीमविरुद्ध हेन्रीने २० पॉइंट मारले तेव्हा भाऊजींचा लगेच व्हॉट्सॅप, 'बघ, ओरडल्याचा फायदा'. बरं, मग २०२१ मध्ये त्याच स्पर्धेत यूसीएलए (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) विरुद्ध हाफटाइमला तेच इझो आमच्या गेब ब्राउनवर टनेलमध्ये तसेच भडकले आणि आम्ही ओव्हरटाइममध्ये ८६-८० हरलो, तेव्हा तो फायदा कुठे गेला? मी तेव्हाच विचारलं होतं, भाऊजींनी अजून उत्तर दिलेलं नाही.