कळा चालू कोण करतं, मेंढी का कोकरू?

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे मेंढरं आहेत. व्यायची वेळ झाली हे मेंढीला कळतं कसं आणि कळा एकदम कशा काय चालू होतात? – एक वाचक, माण तालुका

उत्तर: दादा, तारीख मेंढी ठरवतच नाही, पोटातलं कोकरू ठरवतं! न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात हे दाखवलं, कोकराची पिट्युटरी ग्रंथी (मेंदूखालची, कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारी) निकामी केली तर दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायचं नाव घेईना, आणि कोकराला कॉर्टिसॉल हे हार्मोन दिलं की वेळेआधीच कळा. होतं काय, पाच महिने भरत आले की कोकराचं कॉर्टिसॉल वाढतं, मग वार प्रोजेस्टेरॉन कमी अन् इस्ट्रोजेन जास्त बनवते, म्हणजे गर्भाशयाला शांत ठेवणारं हार्मोनच घसरलं, त्यात गर्भाशय आकसवणारं प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि कळांना जोर देणाऱ्या ऑक्सिटोसिन हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, वाढतात. खरी गंमत पुढंच आहे. आधी स्नायूच्या पेशी सुट्या सुट्या आकसत असतात, आता त्यांच्यात गॅप जंक्शन नावाच्या बारीक वाटा तयार होतात, एकीतला विजेचा सिग्नल धडाधड शेजारणीत जातो आणि अख्खं गर्भाशय एकदम आवळतं. कोकरू सरकून गर्भाशयाचं तोंड ताणलं की मेंढीच्या मेंदूकडून अजून ऑक्सिटोसिन, अजून जोर, बाहेर पडेपर्यंत हेच.

बाईमाणसात इतकं सरळ नसतं हां, तिथे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळांआधी असं घसरत नाही.

आणि मेंढी अडली तर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मनानं टोचू नका, कोकरू आडवं असेल तर गर्भाशय फाटू शकतं, आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.