वाचकांचे प्रश्न : घरापुरती फळबाग

प्रश्न : घरामागे सुमारे १० गुंठे मोकळी जमीन आहे. माती काळी असून पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी साचते. विहीर आहे, परंतु उन्हाळ्याच्या शेवटी ती तळ गाठते. आंबा, चिकू, पेरू, लिंबू, सीताफळ आणि आवळा मिळून ४० झाडे लावण्याचा विचार आहे. अंतर किती ठेवावे आणि खड्डे केव्हा घ्यावेत?

उत्तर : अंतर आणि खड्डे यांच्याआधी ४० हा आकडा तपासावा लागेल, आणि तो जमिनीपेक्षा विहिरीवरून ठरेल. लावणीनंतरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत मुळे पुरेशी खोल गेलेली नसतात. त्या काळात दर चार-पाच दिवसांनी एका रोपाला १५ ते २० लिटर पाणी द्यायचे म्हटले, तरी ४० झाडांना प्रत्येक पाळीला ६०० ते ८०० लिटर लागतात आणि तेही नेमके विहीर आटलेल्या दिवसांत. तेव्हा आधी मे महिन्यात विहीर किती पाणी देते ते पाहावे आणि मगच रोपे सांगावीत.

जागेचा हिशेबही फसवा आहे. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. ५ बाय ५ मीटरवर ४० झाडे कागदावर अगदी बरोबर बसतात. मात्र नियमित कडक छाटणी होणार नसेल, तर आंबा आणि चिकू यांना १० बाय १० मीटर, आवळ्याला ८, पेरू व लिंबू यांना ६ आणि सीताफळाला ५ मीटर अंतर लागते. घनलागवडीत याहून कमी अंतर चालते हे खरे, पण तिथे दरवर्षी काढणीनंतर छाटणी करणे हा लागवडीचाच भाग असतो, आणि घरच्या बागेत तेच काम सर्वांत आधी मागे पडते. माझ्या मते दोन आंबे, एक चिकू, दोन आवळे, तीन पेरू, दोन लिंबे आणि चार सीताफळे एवढी १४ झाडे पुरेत. त्यांना सुमारे ७०० चौरस मीटर जागा लागेल आणि उरलेल्या जागेत कुंपणापासूनचे अंतर, वाट व काही वर्षे पपई सहज मावेल. घरच्या बागेत झाडांच्या संख्येपेक्षा फळांचा हंगाम किती महिने चालतो याला महत्त्व द्यावे. म्हणून आंब्याची एक जात लवकर येणारी आणि एक उशिरा येणारी निवडावी. आवळ्याच्या बाबतीत तर दोन वेगवेगळ्या जाती लागतातच, कारण स्वतःच्या परागाने आवळ्याला फळधारणा फारच कमी होते; एकाच जातीची दोन कलमे या कामी एकाच झाडासारखी ठरतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने आंबा व चिकू उत्तरेच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे त्यांची सावली लहान झाडांवर पडणार नाही.

पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात आणि जिथे लिंबू लावायचे आहे तिथे ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी २४ तासांनंतरही दिसत असेल, तर तिथे निचरा नाही. लिंबूवर्गीय झाडे अशा जमिनीत मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) यांना लवकर बळी पडतात. त्यांना उंच वरंब्यावर लावावे आणि बुंध्याभोवती मातीची भर देऊन दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहते व खोडाला लागत नाही. साचणाऱ्या कोपऱ्यातून चर काढून पाणी बाहेर न्यावे. तोवर तिथे काहीच लावू नये.

खड्डे उन्हाळ्यात घ्यावेत. ओल्या काळ्या मातीत ते घेतले, तर त्यांच्या भिंती गुळगुळीत व घट्ट होतात आणि मुळे बाहेर न जाता आतच फिरत राहतात. वरच्या थराची माती वेगळी काढून ठेवावी, काही आठवडे खड्डा तापू द्यावा आणि मग तीच माती पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून भरावी. कच्च्या खताने वाळवी येते. भरलेली माती खचते, म्हणून ती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी. पहिल्या चांगल्या पावसाने जमीन भिजल्यावर पिशवी फाडून काढून रोप लावावे; कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे.

प्रश्न : आंब्याच्या कलमांना लावणीच्या पहिल्याच वर्षी मोहोर आला आहे. तो ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. कलमाची काडी फळणाऱ्या झाडाची असल्याने ती वयाच्या आधीच मोहोरते, पण त्या वेळी झाडाला मुळे आणि फांद्या वाढवायच्या असतात. पहिली तीन वर्षे मोहोर खुडावा. घरातून विरोध झालाच, तर तिसऱ्या वर्षी जातीची खात्री करण्यापुरते एखादे फळ राखायला हरकत नाही.

प्रश्न : मोसंबीच्या झाडाला बुंध्यापासून एक जोमदार, काटेरी फांदी फुटली आहे. ती इतरांपेक्षा उंच गेली आहे. तिला फळे चांगली येतील का?

उत्तर : ही फांदी डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे मोसंबीचे कलम जिथे जोडले आहे त्या सांध्याच्या, खालून आली असेल, तर ती मोसंबीची नसून खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम केले आहे त्याची, आहे. मोसंबीसाठी जंबेरी किंवा रंगपूर लिंबू हे खुंट वापरले जातात आणि त्यांची फूट अशीच काटेरी व वेगाने वाढणारी असते. ती राहू दिली, तर वरची मोसंबी हळूहळू दबते. आता फांदी जून झाली असल्यास खोडालगत धारदार करवतीने कापून जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. पुढे अशी फूट दिसताच ती कोवळी असताना हाताने ओरबाडून काढावी; कापल्यास तळाशी डोळे शिल्लक राहतात आणि पुन्हा फुटतात.