मुलगा ११ वर्षांचा आहे, कोच रोज हेडर (डोक्याने बॉल मारणं) मारून घेतात. हेडगार्ड (डोक्याला बांधायची फोमची पट्टी) घेऊन देऊ की फुटबॉलच बंद करू?

दोन्ही नको. हेडगार्डचे पैसे वाचवा, पोराला खेळू द्या आणि कोचना एकदा गाठा.

मी बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. कॉलेजात असताना स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू होतो. समोरच्या गोलकीपरची लांब किक आली की डोक्याने परत धाडायची, हेच माझं काम. आता रविवारी पोलो ग्राउंडवर आमच्या भागातली पोरं खेळवतो.

तुम्ही लिहिलंय, कोच रांग लावून हाताने बॉल फेकतात आणि प्रत्येकाकडून वीस-वीस हेडर काढून घेतात. खरी गोम इथे आहे. या वयाच्या मॅचमध्ये पोराच्या डोक्याला बॉल लागतो तरी किती वेळा? आमच्याकडे बऱ्याच मॅचमध्ये एकदाही नाही. धोका साचतो तो प्रॅक्टिसमध्ये.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. बॉल आदळला की डोकं झटकन हलतं, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. हेडगार्डचा फोम खोक पडण्यापासून वाचवेल, डोक्यावर डोकं आपटलं तर थोडी मदतही करेल, पण बॉलचा हा झटका तो फारसा कमी करत नाही. उलट पट्टी बांधली की काही पोरं जास्तच बेधडक उड्या मारतात, हे मी पाहिलंय.

ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ साली निष्कर्ष आला: स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीनपट. (हृदयविकाराने मात्र हेच लोक कमी गेले, म्हणून खेळ सोडवू नका म्हणतोय.) २०२१ मध्ये मैदानावरच्या जागेनुसार फोड केली, तेव्हा गोलकीपरना धोका जवळपास इतरांइतकाच निघाला आणि बचावपटूंना सुमारे पाचपट. हे वाचलं त्या रात्री मला, जुन्या स्टॉपरला, झोप लागली नाही. पण ही आयुष्यभर व्यावसायिक खेळलेली माणसं. तुमच्या मुलाला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये ११ वर्षांखालच्यांची हेडरची प्रॅक्टिस बंदच केली. १२ वर्षांखालच्यांना महिन्यातून एक दिवस, तेव्हाही जास्तीत जास्त पाच. कोचना हाच आकडा दाखवा. "मला भीती वाटते" म्हणालात तर हसण्यावारी नेतील.

बॉलही बघा. या वयाला चार नंबरचा, जरा लहान बॉल पुरे; पुष्कळ ठिकाणी पाच नंबरचा, दगडासारखी हवा भरलेला बॉल सगळ्यांना एकच असतो. आणि मान. कुस्तीगीर मान का कमावतात ते बडोद्यात, जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात, सांगायला नको. मुलाला सोपं द्या: कपाळाला तळवा लावून डोक्याने हाताला रेटायचं, मान हलू द्यायची नाही, दहा आकडे मोजायचे. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी.

एका गोष्टीत मात्र कुणाचं ऐकू नका. एका मॅचमध्ये माझं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. आमच्या कोचनी तोंडावर पाणी मारलं, "चल, ऊठ" म्हणाले, आणि मी शेवटपर्यंत खेळलो. मित्र सांगतात, परत येताना मी स्कोअर चार वेळा विचारला. घरी उलटी झाली. पहिला मार भरला नसताना दुसरा बसला असता तर जिवावर बेतलं असतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, चक्कर आली, डोकं दुखू लागलं की त्या दिवशी खेळ संपला, आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी किंवा झापड दिसली तर थेट इमर्जन्सीत न्या.

"मग हेडर शिकवायचं कसं?" असं कोच विचारतीलच. आम्ही फुग्यावर शिकवतो. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, बॉल कपाळावर, उडीची वेळ अचूक. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, दिवसभर मान वर करून पतंग बघणारी आपली पोरं हे दोन रविवारांत शिकतात.