वाचक विचारतात : जेन ऑस्टिनची थोरली बहीण

प्रश्न : इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनची पत्रं तिची बहीण कॅसान्ड्राने जाळली, असं वाचलं. लपवण्यासारखं त्यात होतं तरी काय?

उत्तर : जाळली हे खरं. भाची कॅरोलिनने तसं लिहून ठेवलं आहे : मरणाआधी दोन-तीन वर्षं कॅसान्ड्राने सगळी पत्रं चाळली, बहुतेक जाळली, उरलेली भाच्यांसाठी ठेवली. कॅसान्ड्रा वारली २२ मार्च १८४५ला. जेनला जाऊन तेव्हा जवळजवळ अठ्ठावीस वर्षं झाली होती. म्हणजे इतका काळ तिने ती जपलीच होती.

दडवलेल्या प्रेमप्रकरणाचा तर्क लोकांना फार आवडतो. आम्हाला तो पटत नाही. उरलेल्या पत्रांतसुद्धा जेन शेजारपाजाऱ्यांना आणि नातलगांना सोडत नाही, दुखणीखुपणीही मोकळेपणी लिहिते. अशी पत्रं त्याच घरातल्या पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, तर बोचणारा मजकूर काढून टाकणं साहजिक होतं.

काही पत्रांना कात्री लागली आहे. कागद मोठा असे, दोन्ही बाजूंनी भरलेला. टपालखर्च पत्र घेणाऱ्याला पडे आणि कागद वाढला की तोही वाढे. त्यामुळे एका बाजूच्या चार ओळी कापल्या की पाठीमागच्या चार ओळी आपोआप जातात. कापलेल्या जागी दोन्हीकडे गुपितच होतं असं धरून चालणारे इथेच फसतात.

दुसरी चूक तारखांची. बहिणी एका घरात असल्या की पत्रं लिहायची गरजच नसे. एकजण केंटमध्ये भाऊ एडवर्डच्या गॉडमर्शमच्या घरी गेली, की पत्रं सुरू. म्हणून मधल्या महिन्यांची पत्रं नाहीत एवढ्यावरून ती जाळली असं ठरत नाही. मे १८०१ ते सप्टेंबर १८०४ या काळातलं मात्र एकही पत्र नाही. एवढी मोठी पोकळी नुसत्या सहवासाने पडली असेल, असं वाटत नाही.

आज जेनची सुमारे १६० पत्रं हाती आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त कॅसान्ड्राच्या नावची आहेत. तिने ती ठेवली नसती, तर जेनचं रोजचं आयुष्य आपल्याला जवळपास कळलंच नसतं. तिने स्वतः जेनला लिहिलेली पत्रं मात्र उरली नाहीत, याची आम्हाला जास्त हळहळ वाटते.

प्रश्न : कॅसान्ड्राने लग्न का केलं नाही?

उत्तर : ठरलं होतं. टॉम फाउल हा तिच्या वडिलांचा जुना विद्यार्थी. लग्नापुरता पैसा नव्हता, म्हणून तो लष्करी मोहिमेबरोबर पाद्री होऊन वेस्ट इंडीजला गेला आणि फेब्रुवारी १७९७मध्ये पीतज्वराने वारला. त्याने तिच्या नावे १,००० पौंड ठेवले होते. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. नंतर तिने लग्नाचा विषय काढला नाही.

प्रश्न : जेनच्या लेखनात तिचा काही हात होता का?

उत्तर : कादंबऱ्या जेनच्याच. पण लिहायला वेळ मिळायचा तो कॅसान्ड्रामुळे. १८०९पासून चॉटनच्या घरात आई, दोघी बहिणी आणि त्यांची मैत्रीण मार्था लॉइड राहत. जेनकडे सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेचा साठा. बाकी सगळा कारभार कॅसान्ड्रा आणि मार्था पाहत. जेनच्या हयातीत छापलेल्या चारही कादंबऱ्या याच घरातून बाहेर पडल्या.

जेनने मृत्युपत्रात भाऊ हेन्रीला ५० आणि हेन्रीचं घर सांभाळणाऱ्या मादाम बिजों या बाईंना ५० पौंड देऊन बाकी सर्व कॅसान्ड्राला दिलं. १८३२मध्ये कॅसान्ड्राने आणि हेन्रीने पाच कादंबऱ्यांचे हक्क बेंटली या प्रकाशकाला २१० पौंडांना विकले, आणि त्या स्वस्त आवृत्तीत पुन्हा बाजारात आल्या. कोणती कादंबरी केव्हा लिहिली, याची टिपणंही तिचीच. 'एमा' २१ जानेवारी १८१४ला सुरू, २९ मार्च १८१५ला पुरी : अभ्यासक आजही याच तारखा धरून चालतात.

प्रश्न : इंग्लंडच्या नोटेवरचं जेनचं चित्र कॅसान्ड्रानेच काढलेलं का?

उत्तर : थेट नाही. कॅसान्ड्राचं मूळ रेखाटन १८१०च्या सुमाराचं, पेन्सिल आणि जलरंगात. ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात ओठ घट्ट मिटलेले, हाताची घडी, नजर बाजूला. १८७०च्या चरित्रासाठी दुसऱ्या चित्रकाराकडून ते गोडसर करवून घेतलं, आणि २०१७च्या दहा पौंडांच्या नोटेवर तो गोडसर चेहरा आहे. आम्हाला मूळच बरं वाटतं. रोज समोर बसणाऱ्या बाईने काढलेलं आहे ते.